सराट्यातले निळे फुलपाखरू

सराटा कोणाला माहीत नाही? क्रॉस कंट्रीच्या वाटेवर तो बुटाच्या तळव्यात रुततो, सायकलच्या ट्यूबमध्ये शिरतो आणि फटीगच्या दिवशी उपटताना बोटातून रक्त काढतो. मीही त्याला पुष्कळ शिव्या दिल्या आहेत. या दिवाळीच्या सुट्टीत मात्र जयपूरला मी रोज सकाळी तासभर सराट्याजवळच पोटावर पडून असायचो. आईला वाटले, पोरगा सुट्टीतही क्रॉलिंगचा सराव करतो आहे. खरे कारण होते दोन सेंटिमीटरचे एक निळे फुलपाखरू.

बाबांची बदली जयपूरला झाली तेव्हा मला थोडे वाईट वाटले होते. सह्याद्री, पाऊस, हिरवे डोंगर हे सगळे सोडून वाळूत काय पाहायचे? जयपुरात वर्षाला साधारण 600 मिलिमीटर पाऊस पडतो, आणि तोही बहुतेक जुलै ते सप्टेंबरमध्ये. माझ्या डोक्यात फुलपाखरू म्हणजे आपले नीलवंत. महाराष्ट्राने 2015 मध्ये त्याला राज्य फुलपाखरू केले. असे फुलपाखरू ठरवणारे आपलेच राज्य पहिले. नीलवंताचे पंख पसरले की तळहाताएवढे होतात. ते समोरून गेले तर ड्रिल चालू असतानाही मान वळते. जयपूरच्या क्वार्टरमागे मला जे दिसले ते अंगठ्याच्या नखाहून थोडेसे मोठे होते, आणि गुडघ्याच्या वर ते कधी उडालेच नाही.

पहिल्याच दिवशी चूक

क्वार्टरच्या मागे एक छोटी हिरवळ आहे. तिला रोज पाणी मिळते. हिरवळ संपली की कुंपणाच्या भिंतीपर्यंत दहाबारा पावले कोरडी, रेताड पट्टी आहे. पहिल्या दिवशी या पट्टीवर एक निळे फुलपाखरू क्षणभर पंख उघडून बसले. मी फोनवर फोटो काढला, पुस्तकातल्या चित्रांशी ताडून पाहिला आणि जीवशास्त्राच्या सरांना पाठवून दिला. खाली लिहिले, 'पेल ग्रास ब्लू, जयपूर.' मला वाटले होते सर शाबासकी देतील. त्यांचे उत्तर एका ओळीचे होते : "कोणत्या खुणेवरून?"

माझ्याकडे खूण नव्हती. फुलपाखरू निळे होते, चित्रही निळे होते, एवढेच. मी चिडून बाबांना दाखवले. त्यांना फुलपाखरांतले काही कळत नाही, पण त्यांनीही तोच प्रश्न दुसऱ्या शब्दांत विचारला, "हे तुला दिसलं, का वाटलं?" मग म्हणाले, "पेट्रोलहून परत आलेल्या जवानाला आम्ही हेच विचारतो. काय पाहिलं, किती पाहिले, कुठे, किती वाजता, काय करत होते. त्याला काय वाटलं ते सगळ्यात शेवटी."

त्याच संध्याकाळी मी वहीच्या पानावर उभी रेघ मारली. डावीकडे 'दिसले', उजवीकडे 'वाटले'. पहिल्या दिवसाची नोंद करायला बसलो तर डावीकडे फक्त दोन शब्द आले, 'लहान, निळे'. बाकी सगळे उजवीकडे. बाबांनी परवानगी देताना एक अटही घातली होती : कँटोन्मेंटमध्ये कॅमेरा फक्त जमिनीकडे, इमारत किंवा गाडी चौकटीत येता कामा नये. मला जे पाहायचे होते ते जमिनीवरच असल्यामुळे अडचण आली नाही.

निळी म्हणजे कोणकोणती?

लहान निळ्या फुलपाखरांच्या कुळाला शास्त्रीय भाषेत लायसेनिडी म्हणतात. या कुळातली अनेक फुलपाखरे जयपूरसारख्या कोरड्या मुलखातही आरामात राहतात. त्यांचा निळा रंग हा रंगद्रव्याचा नसतो, ही गोष्ट मला या सुट्टीत पहिल्यांदा कळली. पंखावरच्या खवल्यांची रचनाच अशी असते की प्रकाशातला निळा भाग परत फेकला जातो. मोराच्या पिसाऱ्यातही असेच घडते. म्हणून तेच फुलपाखरू एका कोनातून जांभळे, दुसऱ्या कोनातून फिके निळे आणि सावलीत राखाडी दिसते. म्हणजे 'किती निळे' यावर ओळख ठरवणे धोक्याचे. त्यातच निळेपणा बहुधा नराचा असतो. याच जातींच्या माद्या वरून तपकिरी असतात, फार तर पंखांच्या मुळाशी निळसर झाक. फक्त निळी शोधत राहिलो असतो तर निम्मी फुलपाखरे माझ्या नजरेतून सुटली असती.

खरी ओळखपत्रे पंखांच्या खालच्या बाजूला असतात. फुलपाखरू पंख मिटून बसले की हीच बाजू आपल्याला दिसते. फिक्या राखाडी किंवा तपकिरी रंगावर काळे ठिपके आणि प्रत्येक ठिपक्याभोवती पांढरे कडे. दुरून सगळी सारखीच वाटतात. जवळून पाहिले की प्रत्येकाच्या ठिपक्यांची मांडणी वेगळी असते. कंपनीतल्या सगळ्यांचा गणवेश एकच असतो, पण नेमप्लेट वेगळी असते, तसे.

ओळखीची कुंजी

अशा वेळी अभ्यासक कुंजी वापरतात. कुंजी म्हणजे एकामागून एक विचारायचे प्रश्न. प्रत्येक उत्तराला काही संशयित गळतात आणि शेवटी एक उरतो. भारतातल्या फुलपाखरांसाठी अशा कुंज्यांचे प्रसिद्ध पुस्तक एका सैनिकाने लिहिले, हे वाचून मला फार बरे वाटले. ब्रिगेडियर विल्यम हॅरी इव्हान्स हे रॉयल इंजिनिअर्सचे अधिकारी. त्यांच्या 'भारतीय फुलपाखरांची ओळख' या अर्थाच्या इंग्रजी पुस्तकाची दुसरी आवृत्ती मुंबईच्या बॉम्बे नॅचरल हिस्ट्री सोसायटीने 1932 मध्ये काढली. त्यांच्यानंतर 1957 मध्ये याच संस्थेने विंटर-ब्लाइद यांचे पुस्तक प्रसिद्ध केले. ते शिक्षक होते आणि राजकोटच्या राजकुमार कॉलेजचे प्राचार्य झाले. म्हणजे एक फौजी आणि एक मास्तर. आपल्या शाळेत या दोन्हींची कमतरता नाही, त्यामुळे फुलपाखरांचा छंद आपल्याला परका वाटायचे कारण नाही.

जयपूरच्या त्या पट्टीपुरती मी स्वतःसाठी एक सोपी कुंजी तयार केली. आपल्या मैदानावरही ती बऱ्याच अंशी चालेल.

1. मागच्या पंखाला केसासारखी बारीक शेपटी आहे का? असेल तर ते ग्रास ब्लू नव्हे. शेपटीवाल्यांमध्ये पी ब्लू, ग्राम ब्लू, झेब्रा ब्लू आणि प्लेन्स क्युपिड येतात. पी ब्लू वाटाणा आणि शेंगवर्गीय पिकांवर वाढते, प्लेन्स क्युपिड बंगल्यांपुढच्या सायकस झाडांवर. एक सावधगिरी : शेपटी तुटूनही जाते, म्हणून दोन्ही बाजू पाहाव्यात.

2. मागच्या पंखाच्या कडेला नारिंगी टोपी घातलेले, चमकणारे काळे ठिपके आहेत का? असतील तर ते ग्रास ज्युएल. हे भारतातल्या सर्वांत लहान फुलपाखरांपैकी एक आहे.

3. ठिपक्यांऐवजी किंवा ठिपक्यांबरोबर पट्टे आणि रेघा आहेत का? असतील तर ते बाभूळ ब्लू गटातले असू शकते. अशा वेळी वर पाहा, जवळ बाभूळ फुललेली असेल.

4. यांपैकी काहीच नाही, फक्त राखाडी पंख आणि ठिपके? मग ते चार ग्रास ब्लूंपैकी एक असण्याची शक्यता मोठी : पेल, डार्क, लेसर किंवा टायनी.

5. आता पुढच्या पंखाची खालची बाजू. पंखाच्या मुळाजवळून निघालेल्या शिरांनी मध्ये एक लांबट खण तयार होतो. त्या खणाच्या आत एक ठिपका आहे का? पेल आणि डार्क यांच्यात तो असतो. लेसर आणि टायनी यांच्यात नसतो.

6. खणात ठिपका नसेल तर मागच्या पंखावरची ठिपक्यांची रांग पाहा. लेसरमध्ये वरच्या कडेजवळचा एक ठिपका रांग सोडून आत सरकलेला असतो, डावी-उजवी चुकलेल्या कॅडेटसारखा. टायनीचे पंख अरुंद असतात आणि पुढच्या पंखाच्या वरच्या कडेला त्याला बारीक जादा ठिपके असतात.

7. खणात ठिपका असेल तर आकार आणि नराचा वरचा रंग. पेल थोडे मोठे असते आणि नर वरून फिका, चंदेरी निळा असतो. डार्क लहान असते, पंख पसरल्यावर साधारण दोन सेंटिमीटर. त्याचा नर गडद जांभळट निळा असतो आणि पंखांना रुंद काळपट किनार असते. त्याच्या मागच्या पंखावरची ठिपक्यांची रांग सुबक वळण घेते, एकही ठिपका रांग सोडत नाही.

ही कुंजी घेऊन मी पहिल्या दिवसाच्या फोटोकडे परत गेलो. फोटो वरच्या बाजूचा होता. पाचवा प्रश्न विचारायची सोयच नव्हती. तो फोटो मी 'ठरवता येत नाही' या खात्यात टाकला.

पोटावर पडून

फुलपाखरू थंड रक्ताचे असते. सकाळी ऊन अंगावर घेतल्याशिवाय त्याला उडता येत नाही. ऑक्टोबरअखेरीस जयपूरला पहाटे चांगला गारवा असतो, म्हणून ऊन पट्टीवर पोचल्यावर पहिला अर्धा तास सर्वांत कामाचा. फुलपाखरे अर्धवट पंख उघडून उन्हाकडे पाठ करून बसतात आणि जवळ जाऊ देतात. नियम दोन : आपली सावली त्यांच्यावर पडू द्यायची नाही आणि उभ्याने जायचे नाही. उभा माणूस दिसला की ती उडतात, सरपटणाऱ्याकडे फारसे लक्ष देत नाहीत. संध्याकाळी ऊन उतरले की ती गवताच्या काडीवर पंख मिटून बसतात. खालची बाजू पाहायची ती दुसरी वेळ.

चौथ्या दिवशी सकाळी एकाने माझ्या नाकापासून वीतभर अंतरावर पंख मिटले. भिंगातून पाहिले. शेपटी नाही. नारिंगी नाही. पट्टे नाहीत. पुढच्या पंखाच्या खणात एक ठिपका, स्पष्ट. मागच्या पंखावरची रांग वळणदार, सगळे ठिपके जागच्या जागी. मग त्याने पंख उघडले. गडद जांभळट निळा, कडेला रुंद काळी किनार. शेजारी ठेवलेल्या पट्टीवर अंदाज घेतला तर दोन सेंटिमीटरही जेमतेम.

डार्क ग्रास ब्लू. शास्त्रीय नाव झिझेरिया करसंड्रा. फ्रेडरिक मूर यांनी 1865 मध्ये या जातीचे वर्णन केले. उत्तर आफ्रिकेपासून अरबस्तान, भारत आणि थेट ऑस्ट्रेलियापर्यंत ही जात आढळते. म्हणजे माझा शोध जगाच्या दृष्टीने काहीच नव्हता. पण वहीत डावीकडचा रकाना पहिल्यांदा उजवीकडच्यापेक्षा लांब झाला.

त्यानंतर मी हिरवळ आणि कोरडी पट्टी अशा दोन जागा रोज सकाळी सारखाच वेळ पाहू लागलो. हिरवळीवर फिकी, थोडी मोठी फुलपाखरे दिसत. त्यांच्याही खणात ठिपका होता. ती होती पेल ग्रास ब्लू, मी सरांना उगाच सांगितलेली. कोरड्या पट्टीवर बहुतेक गडद असत. दोन्ही जागांमध्ये दहा पावलांचेही अंतर नाही. मग ती अशी वाटून का घेत असतील?

उत्तर जमिनीवर होते

फुलपाखरू कुठे राहील हे त्याच्या सुरवंटाच्या जेवणावर ठरते. मोठेपणी ते कोणत्याही फुलाचा मध पिते, पण सुरवंटाला ठरावीकच झाडे चालतात. मादी त्याच झाडावर अंडी घालते. मेसचा मेन्यू बदला, अख्खी बटालियन जागा सोडून जाईल, असा हा प्रकार आहे.

पेल ग्रास ब्लूचे खाद्य आंबुशी. तीन पानांची, आंबट चवीची, पिवळ्या फुलांची ही वनस्पती ओलाव्यात वाढते. रोज पाणी मिळणाऱ्या हिरवळीत ती गवताच्या बरोबरीने होती. लेसर ग्रास ब्लूला शेंगवर्गातली जमिनीलगतची रोपटी लागतात. आणि डार्क ग्रास ब्लूचे खाद्य म्हणजे माठ-राजगिऱ्याच्या वर्गातल्या वनस्पती आणि सराटा.

तिथे काम करणारे मालीकाका मला सराट्याकडे टक लावून पाहताना बघून म्हणाले, "बेटा, ये तो गोखरू है, पैर में लगेगा." गोखरू हे नाव संस्कृत गोक्षुर म्हणजे गाईचे खूर या शब्दावरून आलेले. शास्त्रीय नाव ट्रिब्युलस टेरेस्ट्रिस, लिनियसने 1753 मध्ये दिलेले. त्यातल्या ट्रिब्युलसचा अर्थ आपल्या अभ्यासाशी जवळचा आहे. जुन्या काळी घोडदळ अडवायला वाटेवर चार टोकांचे लोखंडी काटे पसरत. ते कसेही पडले तरी तीन टोकांवर उभे राहत आणि चौथे वर. लॅटिनमध्ये त्या हत्याराचे नाव ट्रिब्युलस. सराट्याच्या फळाचे पाच तुकडे होतात आणि प्रत्येक तुकड्याला दोन लांब काटे असतात. वनस्पतीने हे हत्यार माणसाच्या कितीतरी आधी बनवले, आणि वापरले ते मात्र प्रवासासाठी. बुटात, खुरात, टायरमध्ये रुतून तिचे बी पुढच्या मैदानावर पोचते.

सराट्याला रेताड, तुडवलेली, उघडी जमीन लागते. दाट गवत वाढले की तो हरतो. जयपुरात अशा जमिनीला तोटा नाही. रस्त्यांच्या कडा, मोकळी मैदाने, सगळीकडे तो पसरलेला असतो. एका रविवारी बाबांबरोबर झालाना टेकड्यांच्या पायथ्याच्या स्मृतिवनात गेलो. लोक झालानाला बिबट्यासाठी येतात, आम्ही वाटेच्या कडेला सराटा शोधत होतो. बोरीच्या झुडपांभोवती वेगळी, पिएरो गटातली छोटी फुलपाखरे होती, रुईच्या झाडाजवळ प्लेन टायगर होते. वाटेवर, जिथे लोकांच्या पायांनी जमीन उघडी पडली होती, तिथे सराटा होता, आणि थोडे थांबल्यावर डार्क ग्रास ब्लूही. घनदाट झाडीत ते एकदाही दिसले नाही. ज्या जमिनीला आपण ओसाड म्हणतो तीच त्याची वस्ती.

आता ओळख पटवायचा तिसरा पुरावाही हाती आला. तपकिरी माद्या ओळखणे फार कठीण जाते, कारण रंगाचा उपयोग होत नाही आणि हिवाळ्याकडे जाताना ठिपकेही फिके होत जातात. पण मादी कोणत्या झाडावर अंडे घालते हे पाहिले तर पुष्कळसा उलगडा होतो. नवव्या दिवशी एक मादी सराट्याच्या पानापानावर उतरत होती, पोटाचे टोक वाकवून पानाला टेकवत होती आणि लगेच पुढे जात होती. ती गेल्यावर भिंगातून पाहिले. पानावर एकच अंडे, फिके हिरवट पांढरे, वरून चपटे. टाचणीच्या डोक्याहूनही लहान.

पानातल्या खिडक्या आणि मुंग्या

सुरवंट शोधायला मला आणखी चार दिवस लागले. मी सुरवंट शोधत होतो आणि शोधायला हव्या होत्या खिडक्या. लहान सुरवंट पान कुरतडून भोक पाडत नाही. तो खालून हिरवा गर खातो आणि वरची पातळ त्वचा तशीच ठेवतो. पान उन्हाकडे धरले की त्यात पारदर्शक चौकोन दिसतात. अशा खिडकीशेजारी, पानाखाली, गोगलगायीसारखा चपटा हिरवा जीव होता. पायही दिसत नव्हते. आणि त्याच्या पाठीवर मुंगी चढलेली होती.

मला वाटले मुंग्या त्याला खाणार. हाताने झटकणार होतो, पण थांबलो आणि 'दिसले'च्या रकान्यात लिहीत राहिलो. मुंगी त्याच्या पाठीच्या मागच्या भागावर मिशांनी हळूहळू थापट्या मारत होती. या कुळातल्या अनेक सुरवंटांच्या पाठीवर एक ग्रंथी असते. तिच्यातून गोड द्रव पाझरतो. मुंग्या तो पितात आणि त्या मोबदल्यात सुरवंटाभोवती फिरत राहतात, त्यामुळे त्याला खाऊ पाहणाऱ्या शत्रूंना जवळ येणे अवघड होते. म्हणजे ती सेंट्री होती. मी तिला झटकून टाकणार होतो.

साफसफाईचा आदेश

दिवाळीच्या आठवड्यात ठरले की क्वार्टरमागची पट्टी साफ करायची. आदेश योग्यच होता. तिथे लहान मुले खेळतात, माझी धाकटी बहीण दोनदा सराटा टोचून रडली होती, शेजारच्यांच्या सायकली आठवड्याला पंक्चर होत होत्या. मी बाबांना म्हणालो, "सगळं नका ना उपटू." त्यांनी विचारले, "ही जात धोक्यात आहे का?"

खोटे बोलायचा मोह झाला, हे कबूल करतो. 'दुर्मीळ आहे' असे म्हटले असते तर कदाचित सगळी पट्टी वाचली असती. पण दुर्मीळ नाही. अर्ध्या जगात आढळते. मी तसेच सांगितले. मग म्हणालो, "जात जाणार नाही बाबा. पण या पट्टीवरची जातील. अंडी आणि सुरवंट आत्ता पानांवर आहेत, ती उडू शकत नाहीत."

बाबा थोडा वेळ काही बोलले नाहीत. मग त्यांनी मला कागदावर पट्टीचा नकाशा काढायला सांगितला. मुले कुठून धावतात, सायकली कुठे उभ्या असतात, सराटा कुठे आहे आणि अंडी कुठे सापडली, सगळे. नकाशा काढल्यावर मलाच दिसले की मुले आणि सायकली हिरवळीच्या बाजूला होत्या आणि अंडी जास्त करून भिंतीच्या बाजूला. शेवटी हिरवळीकडचा भाग मी आणि मालीकाकांनी मिळून उपटला. त्या भागात सापडलेले खिडक्यांचे दोन फाटे मी भिंतीजवळच्या रोपांवर नेऊन ठेवले. ते जगले का हे मला माहीत नाही. भिंतीलगतची दीड मीटर रुंदीची पट्टी राहिली. बहिणीने तिच्यापुढे विटांची रांग लावली आणि खडूने लिहिले, 'इथे बाळे आहेत.'

सुट्टीचा शेवटचा दिवस आला तेव्हा माझ्या वहीत खात्रीची ओळख पटलेली डार्क ग्रास ब्लूची 14 फुलपाखरे होती, 6 पेल, 1 ग्रास ज्युएल, आणि 'ठरवता येत नाही' या खात्यात 11. कोष एकही सापडला नाही. सुरुवातीला मला त्या 11 ची लाज वाटायची. वही सरांना दाखवली तेव्हा त्यांनी आधी तेच पान उघडले आणि म्हणाले, "या अकरांमुळे त्या चौदांवर माझा विश्वास बसतो."

एक दुरुस्ती

आता ज्या कारणासाठी मी हा लेख आपल्या मासिकात लिहायला घेतला ते सांगतो. ऑगस्टमधल्या आपल्या विज्ञान प्रदर्शनात 'शाळेच्या परिसरातील फुलपाखरे' या माझ्या तक्त्याला बक्षीस मिळाले होते. तो तक्ता अजून प्रयोगशाळेबाहेर लावलेला आहे. त्यात सहाव्या फोटोखाली ठळक अक्षरांत 'पेल ग्रास ब्लू' असे लिहिले आहे. सुट्टीहून परत आल्यावर मी आधी तो फोटो पाहिला. वरच्या बाजूचा आहे. पंखाखालचा ठिपका दिसत नाही. तो फोटो कुठे काढला होता ते मला पक्के आठवते : ऑब्स्टॅकल कोर्सच्या मागे, भिंतीलगत, जिथे सराटा माजतो.

कदाचित ते डार्क असेल. पण तेही मला फक्त 'वाटते'. सरांना सांगून मी ते नाव खोडले आणि तिथे लिहिले, 'ग्रास ब्लू, जात ठरवता येत नाही.' बक्षीस परत घ्यायचे का असे विचारले तर सर म्हणाले, "तक्ता दुरुस्त केलास ना? मग राहू दे. पुढच्या वर्षी खालची बाजू आण."

पावसाळा संपता संपता ऑब्स्टॅकल कोर्सच्या मागे पुन्हा सराटा पसरेल आणि फटीगला आपल्यालाच तो उपटायला लावतील. उपटायचा तर उपटूच, वाटेवरचा तर उपटलाच पाहिजे. पण त्याआधी एक पान उन्हाकडे धरून पाहा. त्यात खिडकी दिसली तर मला बोलवा. मी भिंग घेऊन येतो.

— एक कॅडेट, इयत्ता नववी